ओहोटीच्या रेघेपासून

भारत सरकारचा कस्टमचा कायदा समुद्रात किती आतपर्यंत चालतो, हा प्रश्न तुम्ही मुंबईच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या चौघांना विचारलात, तर चौघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. पण दौंड तालुक्यातल्या राहू गावात, जिथून समुद्र बघायचा तर आधी अख्खा घाट उतरावा लागतो, तिथं गुऱ्हाळावर चिपाडं वाळवणाऱ्या माणसालाही विचारा. तो हातातलं काम न सोडता सांगेल, "बारा मैलं घर, म्होरली बारा मैलं अंगण, आन् त्याच्या पल्याड ज्याचं त्यानं बघावं." ही विद्या राहूत आणली आमच्या व्याह्यांनी, म्हणजे माझ्या मंदाच्या सासऱ्यांनी. व्याही बरेच पाहिले. रुसणारे पाहिले, मानपानाला टपलेले पाहिले, जेवणावळीत भज्यांवरून उठून जाणारेही पाहिले. पण पंगतीत बसून पत्रावळीला किनारपट्टी म्हणणारा व्याही महाराष्ट्रात एकच झाला, आणि तो आम्हाला मिळाला, हे मी अजून छाती पुढं काढून सांगते.

उभी हयात त्यांनी कस्टमच्या लाँचवर अधिकारी म्हणून काढली आणि निवृत्त झाल्यावर राहूला येऊन ऊस धरला. मुंबईहून येताना माणसं कपाट आणतात, फ्रीज आणतात. ह्यांनी एक शिट्टी, एक दुर्बीण आणि पांढरी, पुढं काळी झापड असलेली टोपी आणली. ती टोपी ते धोतरावर घालत. उसाला पाणी देताना, गोठ्यात शेण काढताना, एवढंच काय, गावच्या सोसायटीच्या सभेतसुद्धा. कुणी हसलं तर म्हणत, "टोपी उतारली की कायदा उतारला. मंग म्या बी इतर शेतकऱ्यांसारखा रडाया मोकळा." आणि खरंच, शेती त्यांना कधी जमली नाही, पण त्यावरून रडताना त्यांना कुणी पाहिलं नाही.

हे स्थळ आलं तेव्हाची माझी गंमत सांगते. नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. मी तेव्हा पंचेचाळिशीतली, शिरूरच्या, म्हणजे आमच्या घोडनदीच्या मार्केट यार्डात आमच्या मालकांचा कांद्याचा गाळा, त्यामुळं स्वतःला तालुक्याची महाराणी समजणारी बाई. माझं माहेर केंदूर. आजा-पणजा मेंढरं राखणारे. पण घोडनदीत सिमेंटच्या घरात आल्यापासून मी घोंगडी माळ्यावर टाकली होती, आणि कुणी मेंढरांचा विषय काढला की मी असं नाक मुरडायची, जणू माझा जन्म अत्तराच्या कारखान्यात झाला होता! तर स्थळ आलं तेव्हा कुणी म्हणालं, मुलाचे वडील कस्टममध्ये होते. मला वाटलं, जकात नाक्यावर. मी म्हटलं, "नाक्यावर ट्रकच्या ताडपत्र्या उचलणाऱ्याच्या घरात माझी लेक द्यायची?" मग शेजारणीनं कानात सांगितलं, "अगं येडे, कस्टम म्हंजी सोन्याची बिस्किटं धरत्यात ती." त्याबरोबर माझं मत असं फिरलं, की दुपारपर्यंत अख्ख्या आळीला कळलं. एकीनं परदेशी सेंट सांगून ठेवलं, एकीनं कॅमेरा. मी उदारपणे सगळ्यांना हो म्हटलं.

बघायच्या कार्यक्रमाला व्याही आले ते हातात पत्र्याची लांब नळी घेऊन. आळीतल्या बायका खिडकीला चिकटलेल्या. नळीचं झाकण निघालं आणि आतून निघाला समुद्राचा नकाशा! तो फरशीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार पितळी वाट्या ठेवल्या, तरी तो आपोआप गुंडाळला जात होता, तेव्हा त्यांनी मुंबईवर स्वतःची पोह्यांची ताटली ठेवली. मग नकाशाही राहिला बाजूला. "ह्ये बघा इहीनबाई," ते मला म्हणाले, "ह्ये पोहे म्हंजी आपला देश. आता ही शेव." त्यांनी शेव पोह्यांभोवती गोल पसरली. "ही बारा मैलं. दर्यातलं मैल आपल्या मैलापरीस लांब असतंय बरं का. इथवर पानी आपलं, कायदा आपला, समदं आपलं." मग ओल्या खोबऱ्याचं दुसरं कडं. "ही म्होरली बारा. ह्ये पानी आपल्या मालकीचं न्हाई. पर आपल्या घराकडं कोन काय घिऊन येतंय, ते बघायचा हक्क आपला. थांबवायचं, इचारायचं, झडती घ्यायची. म्हंजी कस्टमचा कायदा कुठवर? चोवीस मैलांवर. त्याच्या म्होरं मासळी आपली, जमिनीखालचं तेल आपलं, पर दुसऱ्याच्या बोटीतली पिशवी उघडायची न्हाई." एवढं बोलून त्यांनी खोबऱ्याच्या कडेला आलेला एक शेंगदाणा चिमटीत धरला, डोळ्यांसमोर नेऊन तपासला आणि खाऊन टाकला. "ह्यो चोरून येत व्हता."

मुलीला काय येतं, स्वयंपाक येतो का, हे त्यांनी विचारलंच नाही. मंदाकडे वळून म्हणाले, "पोरी, समुद्र कुनाचा?" मंदा पदवीची परीक्षा देऊन घरी बसलेली, जिभेला हाड नसलेली. म्हणाली, "ज्याला पोहता येतं त्याचा." मी पदराआडून तिला चिमटा काढला. व्याही मात्र मांडीवर थाप मारून उठले. "दत्ता, पसंत हाय रं. माझ्या साहेबाला बी ह्ये उत्तर सुचलं नसतं." दत्ता म्हणजे जावई. कुरकुंभच्या कारखान्यात नोकरीला, वडिलांच्या अगदी उलट, दिवसाला दहा शब्द बोलणारा. तो नकाशाआडून हसला, आणि लग्न ठरलं. आळीतल्या सेंटचं आणि कॅमेऱ्याचं काय झालं ते विचारू नका. मी पंधरा दिवस मागच्या दारानं ये-जा करत होते.

लग्नानंतर कळलं, की पोह्यांची ताटली ही नुसती झलक होती. राहूतलं त्यांचं घर म्हणजे देश. घराचं जोतं म्हणजे किनारा. वस्तीकडं येणाऱ्या वाटेवर एक जुना कडुलिंब होता, तिथवर बारा मैल. त्याच्या पुढं कॅनॉलपर्यंत दुसरा पट्टा. आल्या-गेल्याला कडुलिंबापाशी थांबावं लागे. व्याही टोपी सरळ करून विचारत, "काही जाहीर करायचं हाय का?" पोस्टमनला विचारत, दूधवाल्याला विचारत, मतं मागायला आलेल्या पुढाऱ्याला तर दोनदा विचारत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा शेंगदाण्याच्या चटणीचा डबा साडीच्या घडीत दडवून नेला होता. लेकीला डबा नेला तर सासरचे म्हणणार, आमच्या घरी काय उपाशी ठेवतो का? मी म्हटलं, "काही नाही बाई माझ्याकडं." व्याही पिशवीकडं बघेचनात. माझ्या चेहऱ्याकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "इहीनबाई, गलबत डावीकडं कललंय." डबा जप्त झाला. संध्याकाळी भाकरीबरोबर निम्मी चटणी त्यांनीच खाल्ली आणि उरलेली मंदाला देऊन म्हणाले, "सरकारजमा."

कायद्याचं हे वेड नुसतं अडवण्यापुरतं नव्हतं. कुठं थांबायचं हेही त्यात होतं, आणि खरी गंमत तिथं होती. एकदा एका कुत्र्यानं चुलीपुढून भाकरी पळवली. व्याही टोपीसकट त्याच्या मागं. कायदा असा, की पाठलाग आपल्या पाण्यात सुरू झाला आणि मधे खंड पडला नाही, तर खुल्या समुद्रातही पाठ सोडायची नाही. त्यांनी कॅनॉल ओलांडला, उसातून गेले, ओढा उतरून चढले, शिट्टी वाजतेच आहे. पण शेजारच्या गावची शीव आली आणि ते जागच्या जागी थांबले. कुत्रं शिवेपलीकडं हातभर अंतरावर बसून भाकरी खातंय. मागून धावत आलेले लोक ओरडतायत, "मामा, धरा की त्याला!" व्याही धापा टाकत म्हणाले, "दुसऱ्याच्या हद्दीत शिरला. आता कायदा संपला." आणि कुत्र्याला चक्क सलाम ठोकून परत फिरले.

कायद्यानं त्यांना बुडवलंही. समुद्राचं अंतर किनाऱ्यापासून मोजतात म्हणजे कुठून, तर ओहोटीला पाणी सगळ्यात खाली जातं त्या रेघेपासून. भरतीच्या नव्हे. हे त्यांचं आवडतं कलम. त्यांचा एक तुकडा भीमेच्या काठाला होता. उन्हाळ्यात नदी आटली, तसं त्यांनी जाहीर केलं, की आपला किनारा आता पाण्याच्या खालच्या रेघेपासून धरायचा. आमच्याकडं नदी आटली की गाळात कलिंगडं, काकड्या लावतात, त्याला गाळपेर म्हणतात. पण लोक वरच्या बाजूला, बेतानं लावतात. ह्यांनी थेट पाण्याच्या काठापर्यंत कलिंगडं लावली. शेजारचे बापू गावच्या राजकारणात मुरलेले. त्यांनी येऊन सांगितलं, "मामा, येवढं खाली जाऊ नगा."

"बापू, ओहोटीची रेघ आंतरराष्ट्रीय कायद्यानं मान्य हाय."

"आवो, नदीला भरती-ओहोटी नसती. धरणाचं गेट असतंय."

आठवड्याभरात वरून पाणी सोडलं. कलिंगडं अशी भरात आलेली, हिरवीगार, ती एकामागोमाग एक तरंगत चालली. सगळं गाव काठावर. व्याही दुर्बीण लावून उभे. शेवटचं कलिंगड वळणाआड गेलं तसे ते म्हणाले, "चला. बारा मैलं वलांडली त्यांनी." त्या दिवशी घरात कुणी हसलं नाही. हसली फक्त मंदा, आणि तिच्यामागून तेही. सुनेनं सासऱ्याला एवढं खदखदून हसवलेलं राहूनं पहिल्यांदा बघितलं.

मंदाचं आणि त्यांचं सूत जमलं ते असं. सासू नव्हती, दत्ता कारखान्यात पाळीवर. संध्याकाळी चुलीपुढं ही भाकऱ्या थापायची आणि ते पाटावर बसून कायदा सांगायचे. ती उलट प्रश्न विचारायची. बोट बुडायला आली आणि आत घुसली तर? माल पलीकडं पाण्यात टाकला आणि वाहत इकडं आला तर? त्यांना आयुष्यात पहिल्यांदा असं कुणी मिळालं होतं, ज्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. अशातच एक दिवस ते म्हणाले, "पोरी, तू कस्टमची परीक्षाच का देत न्हाईस? आता बायका बी घेत्यात." आणि मंदानं अभ्यासाला सुरुवात केली. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. मला कळलं ते घोडनदीच्या बाजारात. राहूकडची एक गूळवाली आली होती, ती म्हणाली, "काकी, तुमची मंदा पंजाबी ड्रेस घालून कॅनॉलच्या रस्त्यानं सायकल हाणती. सासरा टोपी घालून मागं पळतो, शिट्टी वाजवतो. कस्टमच्या परीक्षेत सायकल चालवावी लागती म्हनं, मंग बोटीवर नोकरी. समदं गाव बघाया लोटतंय."

माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. माझी लेक, खानदानी घरातली, आणि सायकल! मी तशीच एस्टी धरली. न्हावऱ्याच्या रस्त्यानं, भीमेचा पूल ओलांडून राहूला पोचेपर्यंत मी मनातल्या मनात व्याह्यांना इतकं सुनावलं, की प्रत्यक्ष बोलायला घसा उरला नाही. उन्हाळ्याची भर दुपार. वस्तीवर आले तर कडुलिंबाखाली व्याही खाटेवर, आणि मंदा गुडघ्याला हळद लावत बसलेली. सायकल आडवी पडलेली.

"काही जाहीर—"

"जाहीर करायचंय," मी म्हटलं. "माझी लेक बोटीवर जाणार नाही. हे जाहीर."

मंदा उठून पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी तोंड फिरवलं. आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी पीत नाहीत. म्हणून मी यायची ती बाटली भरून आणायची. त्या दिवशी रागात बाटली घरीच राहिली होती. जीभ टाळूला चिकटलेली, तरी मी म्हटलं, "मला नको."

व्याह्यांनी हे बघितलं. उठले, खाट उचलली आणि कडुलिंबाच्या त्या अंगाला, कॅनॉलच्या बाजूला नेऊन टाकली. "इहीनबाई, इकडं बसा. ह्यो लिंब म्हंजी आमची हद्द. हितनं म्होरं लेकीचं घर लागू न्हाई. पानी प्या."

मी त्यांच्याकडं बघितलं. ते अगदी गंभीर होते. मी खाटेवर बसले आणि अख्खा तांब्या रिकामा केला. पाणी पोटात गेलं आणि निम्मा राग विझला, ही त्यांची चाल होती हे मला फार उशिरा कळलं.

"आता इचारा," ते म्हणाले. "तुमची लेक म्हनती, आय न्हाई म्हनली तर म्या जायची न्हाई. दत्त्यानं व्हय म्हनलंय, म्या तर म्हनलंच. सगळं तुमच्यापाशी येऊन थांबलंय. परीक्षा तोंडावर आली."

"मी कोण थांबवणारी? लग्न करून दिली, माझा हक्क संपला," मी फणकारले.

"आसं कसं? लेक तुमच्या घरातनं भाईर पडली, पर तुमी दुसऱ्या पट्ट्यात हाय. थांबवायचा हक्क हाय, इचारायचा हाय, झडती घ्यायचा बी हाय. वंगाळ काय सापडलं तर माघारी फिरवा. पर सरळ चाललेल्या गलबताला, झडतीत काय बी न मिळता, धरून ठिवलं तर मंग कायदा आपनच मोडला."

"तुम्हाला काय जातंय बोलायला? बायकांच्या जातीनं दर्यावर जायचं? लोक काय म्हणतील?"

ते माझ्यासमोर खाली मातीत बसले. मग टोपी काढून मांडीवर ठेवली. टोपी काढून बोलताना मी त्यांना प्रथमच बघत होते.

"इहीनबाई, तुमी सांगत न्हाई, पर केंदूरची तुमची मानसं बी मेंढरामागं फिरलीत, म्हाईत हाय मला. म्या ल्हान असताना आमी मेंढरं घिऊन कोकनात उतरायचो. रोज कोन ना कोन यायचं. हाल हितनं. ह्यो बांध आमचा, ह्यो माळ आमचा. आमचा आबा हात जोडायचा आन् कळप उठवायचा. मंग एक दीस दर्या दिसला. एवढं पानी, आन् त्यात एक बी बांध न्हाई! म्या खुळा झालो. तवर एक पांढरी लाँच आली, आन् तिनं एका गलबताला हात करून थांबवलं. म्या आबाला इचारलं, आबा, हितं तर बांध न्हाई, मंग ह्ये कुठवर थांबवू शकत्यात? आबा म्हनला, मला न्हाई म्हाईत, तू शीक आन् मला सांग. म्या शिकलो. पर सांगायला आबा उरला न्हवता."

मी मंदाकडं वळले. झडती घ्यायचा हक्क होता ना माझा? तर घेतली.

"काय गं, कशाला जायचंय तुला? पगाराला?"

"नाही."

"मग? मिरवायला?"

मंदा गुडघ्यावरची हळद पुसत म्हणाली, "आई, आत्तापर्यंत मला सगळ्यांनी सांगितलं, इथवर जा. विहिरीपर्यंत जा, स्टँडपर्यंत जा, वेशीपर्यंत जा. मला एकदा अशा हद्दीवर उभं राहायचंय, जिथं मी दुसऱ्याला सांगेन, थांब."

झडतीत काही वंगाळ सापडलं नाही. सापडलं ते माझंच होतं. केंदूरला मी भावाची सायकल चोरून एकदा पळवली होती, आणि आईनं बांधावर गाठून उतरवली होती. ते मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. तेव्हाही सांगितलं नाही. उठले, पदर खोचला आणि म्हटलं, "असं शिकतात होय? हँडल बघत बसलीस तर पडणारच. पुढं बघ. बस, मी कॅरिअर धरते."

आणि राहूनं बघितलं ते असं, की घोडनदीची महाराणी, पायातल्या चपला कडुलिंबाखाली ठेवून, सायकलचं कॅरिअर धरून कॅनॉलच्या रस्त्यानं धावतेय. मागं शिट्टी. बापू बांधावर उभे होते, ते ओरडले, "काकी, दमानं! म्होरं दुसऱ्याची हद्द हाय!" मी धापा टाकत म्हटलं, "असू दे!" आणि कॅरिअर सोडलं. मंदा गेली सरळ. पडली नाही.

परीक्षा झाली, चालायची आणि सायकलची चाचणी झाली, मग मुंबईला मुलाखत. मंदा परत आल्यावर आम्ही सगळे कडुलिंबाखाली जमलो. मीही मुद्दाम गेले होते. तिनं सांगितलं, "त्यांनी विचारलं, आपला कस्टमचा कायदा समुद्रात कुठवर चालतो? मी म्हटलं, चोवीस सागरी मैल. ते म्हणाले, कुठून मोजायचे? आणि मला एकदम कलिंगडं दिसली. एकामागोमाग एक तरंगत चाललेली. मला हसूच आवरेना. मी म्हटलं, ओहोटीच्या रेघेपासून. ते म्हणाले, हसताय का? मग मी सगळं सांगून टाकलं. नदी, गाळपेर, धरणाचं गेट. त्यातले मोठे साहेब चष्मा काढून डोळे पुसत होते."

व्याह्यांनी बापूंकडं बघितलं. "बघा. कलिंगडं वाया ग्येली म्हनत व्हता न्हवं?"

ती लागली. कागद हातात आला त्या दिवशी व्याह्यांनी गावात पेढे वाटले नाहीत. कडुलिंबापाशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला कलिंगडाची फोड दिली आणि प्रत्येकाला बजावलं, "आमची सून कस्टमात हाय. जपून ऱ्हावा." घोडनदीत मी काय केलं ते विचारा. आळीतल्या प्रत्येक घरी गेले, आणि ह्या वेळी पुढच्या दारानं. पोह्यांची ताटली मांडून शेव आणि खोबरं पसरून दाखवलं. एकीनं विचारलं, "मंग आता सेंट मिळंल का?" मी म्हटलं, "आणशील तर माझी लेक पकडील."

पुढं तिला कोकणातल्या एका बंदरावर लाँच मिळाली. दत्तानं तिकडच्या एका कारखान्यात नोकरी बघितली, आणि नातवंडंही तिथंच झाली. एकदा तिनं मला आणि व्याह्यांना तिकडं बोलावलं. निघायच्या आदल्या दिवशी मी माळ्यावर चढले आणि केंदूरची घोंगडी काढली. काळी, जाड, अजून मेंढराचा वास असलेली. राहूला व्याह्यांना घ्यायला गेले तेव्हा ते कडुलिंबाखाली काठी टेकून उभे होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण टोपी तीच.

"काही जाहीर करायचं हाय का?"

मी घोंगडी पिशवीत न घालता खांद्यावरच टाकली होती. "हाय," मी त्यांच्याच बोलीत म्हटलं. "लेकीला नेतेय. पावसात लाँचवर पांघरायला."

त्यांनी घोंगडीचा काठ चिमटीत धरला, नाकाशी नेला आणि बराच वेळ सोडला नाही. मग म्हणाले, "जाऊ द्या."

बंदरावर आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती. मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघत होते आणि तो मला इतका मोठा वाटला, की व्याह्यांची सगळी मैलं मला कमीच वाटायला लागली. मंदा पांढऱ्या कपड्यांत, डोक्याला टोपी, हातात घोंगडीची वळकटी. वाकून आम्हा दोघांच्या पाया पडली. मी म्हटलं, "अगं, लोक बघतायत." ती म्हणाली, "बघू दे. येते." आणि फळीवरून लाँचवर चढली. व्याही चपला काढून ओल्या वाळूत चालत गेले, पाणी जिथं मागं सरून थांबलं होतं तिथं काठी टेकली आणि मला हाक मारली. "इहीनबाई, हितनं. हितनं मोजायचं." लाँच लहान होत गेली. त्यांना ती दिसत नसणार, डोळे तसे होते. पण ते टोपी हातात घेऊन उभे राहिले, आणि लाट येऊन काठी पडली तरी हलले नाहीत. मला वाटलं, ते मंदाला बघत नसावेत. त्यांच्या आबाला उत्तर सांगत असावेत.

त्याला आता बरीच वर्षं झाली. व्याही गेले. राहूत कडुलिंब आहे, आणि त्याच्याखाली खेळणारी पोरं अजून पाहुण्याला अडवून विचारतात, "काही जाहीर करायचं हाय का?" त्यातल्या निम्म्यांना हे कुणाचं ते ठाऊकही नाही. मंदा आता मोठी साहेबीण आहे. अजूनही अधूनमधून दर्यावर जाते, आणि जाताना मला फोन करते. किनाऱ्यावरच्या टॉवरचं बळ पाण्यात फार आत पोचत नाही, त्यामुळं तिचा आवाज हळूहळू तुटत जातो. तिचा कायदा पुढं जातो, माझा फोन मागं राहतो.

मध्ये एकदा ती अशीच बोलता बोलता म्हणाली, "आई, तुला सांगायचं राहिलं. कायदा बदललाय. आता चोवीस नाही. दोनशे मैलांपर्यंत आमचं चालतं."

मी मनातल्या मनात सढळ हातानं हिशोब मांडून बघितला. जोतं म्हणजे किनारा, कडुलिंब बारावर, कॅनॉल चोवीसवर. मग दोनशे म्हणजे कॅनॉलच्या पुढं, भीमा ओलांडून, न्हावरा ओलांडून थेट घोडनदीत, माझ्या उंबऱ्याला येऊन भिडली असती व्याह्यांची हद्द. मी कडुलिंबापाशी पोचायची वाटही त्यांना बघावी लागली नसती. मी इथं बसल्या बसल्या त्यांच्या पाण्यात होते.

"आई, हसतेस का? ऐकू येतंय का? रेंज जातीय बघ. येते गं."

"ये," मी म्हटलं. ते तिला पोचलं की नाही, कळलं नाही. मी तरी अजून एकदा म्हटलं.